पट वीस

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गिरिजात्मजाच्या मंडपात आलेल्या भाविकाची नजर थेट गाभाऱ्याकडे जाते, आणि ते साहजिकच आहे. दर्शन झाल्यावर मात्र तिन्ही बाजूंच्या भिंती जरा निरखून पाहाव्यात. डावीकडे सात, उजवीकडे सात आणि मागच्या भिंतीत सहा अशा २० खोल्या तिथे कातळात कोरल्या आहेत. मागच्या मधल्या दोन खोल्या एक करून पुढच्या काळात गणपतीचं स्थान झालं. मधल्या ऐसपैस दालनाला आधारासाठी एकही खांब नाही, आणि खोल्या मात्र एकट्या माणसाला अंग टाकता येईल एवढ्याच. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला हा बौद्ध विहार. पावसाळ्यात भिक्खूंनी भटकंती थांबवून एका जागी राहायचं, पाठांतर करायचं, थोरांकडून ऐकायचं, धाकट्यांना सांगायचं, यासाठी तो खोदला गेला. मूठभर माणसांच्या शिकण्यासाठी कुणी एवढा डोंगर फोडून घेतला, हे आज मुद्दाम आठवावंसं वाटतं. कारण २० हाच आकडा आता आपल्या शाळांच्या मुळावर आला आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्यासाठी प्रस्ताव मागवले. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ हे नमुने म्हणून पुढे ठेवले गेले. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात तेव्हा सुमारे १४,७०० होत्या आणि त्यांत पावणेदोन लाखांहून अधिक मुलं शिकत होती. विरोध झाला, खुलासे आले, पण विचार मागे पडलेला नाही. त्याचा पहिला फटका कुणाला बसेल, हे जुन्नर-आंबेगावच्या माणसाला सांगावं लागत नाही. नारायणगाव, मंचर या बागायती पट्ट्यात शाळा मोठ्या आहेत. पश्चिमेला घाटघर, आहुपे, तळेघरच्या बाजूला वस्ती विरळ. महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या वाड्या डोंगराच्या सोंडांवर विखुरलेल्या. तिथे पट कमी असतो, कारण वाडीच तेवढी असते. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी असं मानलं, ते अशाच मुलांसाठी. जुलैत ओढे भरून वाहू लागले आणि धुक्यात चार हातांवरचं दिसेनासं झालं, की सहा वर्षांच्या मुलीला गाडीची सोय कागदावर असून भागत नाही. गाडी वाडीपर्यंत पोचावी लागते.

खात्याचं म्हणणं असं की एवढ्याशा मुलांवर एवढा खर्च परवडत नाही. हाच प्रश्न या मुलखाने पूर्वी कसा सोडवला ते पाहण्यासारखं आहे. लेण्याद्रीचं चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दिलं. जुन्नरच्याच एका शिलालेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिल्याची नोंद आहे. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचे, करंजाची आणि आंब्याची झाडं लावण्यासाठी जमीन लावून दिल्याचेही लेख आहेत. सगळ्यांत स्वच्छ हिशेब नाशिकच्या पांडवलेण्यात सापडतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. वर्षाचं व्याज २४०. त्यातून त्याच्या लेण्यात पावसाळा काढणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे, आणि मुद्दलाला कधी हात लावायचा नाही. जनता त्याकाळी काही आजच्यापेक्षा श्रीमंत नव्हती. पण २० जणांची सोय करायची हे आधी ठरलं आणि पैसा त्या ठरावाच्या मागून आला. आपण आधी पैसा मोजतो आणि मग किती मुलं ठेवायची ते ठरवतो.

विहार म्हणजे शाळा नव्हे, तिथे वैराग्य पत्करलेली मोठी माणसं राहत होती, असा आक्षेप कुणी घेईल. फरक मोठा आहे, मान्य. तरी भिक्खूंचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकातल्या महावग्गात गुरुशिष्यांची कर्तव्यं वाचली तर आजच्या शिक्षकालाही ती परकी वाटणार नाहीत. नव्याने दीक्षा घेतलेल्याने निदान पाच वर्षं कुणाच्या तरी आश्रयाने राहावं. आश्रय देणाऱ्याची दीक्षा किमान दहा वर्षांची असावी. दोघांचं नातं बाप-लेकासारखं असावं. शिष्याने गुरूचं पात्र धुवावं, खोली झाडावी, हे तर आहेच. पण शिष्य आजारी पडला तर गुरूनेही त्याची शुश्रूषा करायची आहे. त्याच्याकडे पात्र किंवा चीवर नसेल तर ते मिळवून देण्याची खटपट गुरूची. शिकवण्याला माणूसपणाचा पाया हवा असं आपण भाषणांत म्हणतो; इथे त्याचा रोजचा व्यवहारच लिहून ठेवला आहे. या व्यवहाराला एक अट मात्र आहे. आज कोण आलं नाही, का आलं नाही, कुणाच्या घरी हिरडा वेचायची घाई आहे, कुणाचा ताप उतरलेला नाही, हे शिक्षकाला ठाऊक असायला हवं. ५०० मुलांच्या शाळेत हे अशक्य नाही, पण तिथे ते एखाद्या शिक्षकाच्या चांगुलपणावर अवलंबून राहतं. १५ मुलांच्या शाळेत ते आपसूक घडतं.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. जुन्नरच्या लेण्यांना ज्यांनी पैसा दिला, त्यांतल्या किती जणांची मुलं तिथे शिकली? कातळ फोडणाऱ्या पाथरवटांचं तर नावही कुठे नाही. विद्येचा खर्च एकाने उचलायचा आणि ती दुसऱ्याने घ्यायची, ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे, आणि ती नेमकी पकडली जोतीराव फुल्यांनी. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवलं की सरकारची तिजोरी शेतकऱ्याच्या घामाने भरते आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांकडे जातो. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी, अशी तेव्हाची पद्धत होती. तरीही खेड्यातलं पोर शाळेबाहेरच राहत होतं. निदान १२ वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी मागितलं. शिक्षक शेतकऱ्यांमधूनच यावेत, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला त्यांना लाज वाटू नये, असंही त्यांचं म्हणणं होतं. म्हणून लेण्यांचा दाखला अर्धवटच आहे. थोड्यांसाठीही जागा आणि पाणी यांची कायमची तजवीज करणं हे त्यातून घ्यायचं, आणि त्या थोड्यांत कोण असावं हे फुल्यांकडून.

लहान शाळेत मुलांना सवंगडी मिळत नाहीत, खेळाचा संघ होत नाही, एकच शिक्षक चार वर्ग सांभाळता सांभाळता माहिती भरण्यात बुडून जातो, हा आक्षेप अनुभवाचा आहे आणि तो झटकून टाकणं अप्रामाणिक ठरेल. पण त्याचा निम्मा भाग शाळेच्या आकाराशी संबंधितच नाही. कागदांचं ओझं खात्याने लादलेलं आहे, ते खात्यानेच उतरवावं. कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळायला हवेत. ते नेहमी, वेळेवर आणि भाषा समजणारे मिळाले तर तक्रार बरीचशी विरते. राहिला सोबतीचा प्रश्न. भिक्खू वेगवेगळ्या विहारांत राहत आणि उपोसथासाठी पंधरवड्याला एका जागी जमत. आपल्याकडे केंद्रशाळा आहे, केंद्रप्रमुख आहे. आठवड्यातून एक दिवस आसपासच्या पाच वाड्यांची मुलं एका ठिकाणी आणून खेळ, प्रयोग, गाणी, वाचनालय यांचा भरगच्च दिवस करता येणार नाही का? दर २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, जुन्नर तालुक्यातल्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण लोकांना पाहायला खुली होते आणि शाळकरी मुलांचे प्रयोग तिथे मांडले जातात. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना याच तालुक्यांच्या परिसरात उभ्या आहेत. वाडीवरच्या मुलाने त्या वर्षातून दोनदा जवळून पाहाव्यात. त्यासाठी त्याची रोजची शाळा हलवायची गरज नाही.

पालकच मुलांना गावातून काढून इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसवतात, मग शाळा वाचवायची कुणासाठी, असंही विचारलं जातं. ज्यांना ते परवडतं ते जाणारच, त्यांना दोष कशाला द्यावा? मागे उरतात ती ज्यांना दुसरी वाट नाही अशी मुलं, आणि त्यांत मुली जास्त. आश्रमशाळेने या भागात पुष्कळांना शिकवलं हे खरं, पण पहिलीतल्या पोराला आईपासून तोडणं हा शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे.

आणि पैशाबद्दल एक गोष्ट स्पष्ट असू द्यावी. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीच्या जागी आज बाजार समित्या आहेत, साखर कारखाने आहेत, पतसंस्था आणि देवस्थानं आहेत. त्यांनी अक्षय निधी ठेवून व्याजातून वाडीच्या शाळेला पाण्याची टाकी, पुस्तकं, पावसाळ्यातली गाडी द्यावी. मुद्दल तसंच राहावं. गुरुजींचा पगार मात्र सरकारनेच द्यायचा. तो कुणाच्या दानावर सोडला, तर मुलाचा हक्क पुन्हा कुणाच्या तरी कृपेवर जाईल, आणि तो हक्क तर शेतकऱ्याने कर भरून केव्हाच विकत घेतलेला आहे.