सिंधूचा आदर्श आणि व्यसनी माणसाचे घर

जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादनशुल्कात मोठी वाढ केली, तेव्हा तीमुळे वर्षाकाठी सुमारे १४ हजार कोटी रुपयांचे जादा उत्पन्न मिळेल असा अंदाज सांगण्यात आला. दारू महागली म्हणून पिणाऱ्यांनी कुरकुर केली, धंदा बुडेल म्हणून विकणाऱ्यांनी निषेध केला. या सगळ्या हिशेबात एक खाते मात्र कोणीच उघडले नाही. ज्या घरातला कर्ता माणूस दारू सोडू शकत नाही, त्या घरात भाववाढीचा बोजा त्याच्या पेल्यावर क्वचितच पडतो; तो किराण्याच्या यादीवर, मुलांच्या शुल्कावर आणि बायकोने पुढे ढकललेल्या दवाखान्यावर पडतो.

अशा घरांची संख्या थोडी नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. मद्यपानातून उद्‌भवलेल्या समस्यांसाठी मदतीची गरज असलेल्या लोकांची संख्या तीत सुमारे ५ कोटी ७० लाख इतकी मोजली गेली. त्यांपैकी निम्मे, म्हणजे सुमारे २ कोटी ९० लाख लोक, मद्याच्या पूर्णपणे अधीन झालेले होते. आणि अशा ३८ जणांमागे एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळाले होते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेल्यांचे प्रमाण तर १८० मागे एक इतके अल्प होते. उरलेल्यांना सांभाळते कोण? त्यांना सांभाळते त्यांचे घर. या देशातील सर्वांत मोठे व्यसनमुक्ती केंद्र दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात चालते, आणि तेथील परिचारिका ही त्याची पत्नी, आई किंवा बहीण असते. तिला प्रशिक्षण नाही, वेतन नाही आणि रजाही नाही. रुग्ण सुधारला नाही, तर दोष मात्र तिच्या पदरात पडतो.

हा दोष तिनेही मुकाट्याने पत्करावा, अशी आपल्या समाजाची शिकवण आहे. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ने या शिकवणीला चेहरा दिला. सुधाकर दारूच्या आहारी जातो; सिंधू दळणे दळून संसार रेटते, माहेरचा आधार नाकारते, आणि नवऱ्याच्या हातून झालेल्या आघाताने मरणाच्या दारात असतानाही खोटा जबाब देऊन त्याला वाचवू पाहते. बालगंधर्वांची सिंधू पाहून महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या रडल्या. गडकऱ्यांचा रोख दारूच्या सत्यानाशावर होता आणि नाटकाचा शेवटही तेच सांगतो. सिंधूच्या त्यागाने सुधाकर वाचत नाही, मूल वाचत नाही आणि ती स्वतःही वाचत नाही. तथापि प्रेक्षकांनी शोकांतिकेतून बोध घेतला तो नेमका उलटा. पराभवाची ती कहाणी पतिव्रतेची आचारसंहिता होऊन बसली. त्याच नाटकातील परखड जिभेच्या गीतेचे नाव घेऊन कोणी मुलीला उपदेश केल्याचे ऐकिवात नाही.

आजची सिंधू जात्यावर बसत नाही. ती सकाळी नवऱ्याच्या कार्यालयात दूरध्वनी करून त्याला ताप आल्याचे सांगते. पतसंस्थेचे हप्ते आपल्या पगारातून भरते. सासरच्या लग्नकार्यात तो का आला नाही, याची दर वेळी नवी सबब शोधते. शाळेत जाणाऱ्या मुलाला बापाला नाक्यावरून उचलून आणायला पाठवते आणि शेजाऱ्यांपाशी याची वाच्यता करू नकोस असे त्याला बजावते. यातले प्रत्येक कृत्य प्रेमापोटी, भीतीपोटी किंवा अब्रूपोटी घडते, म्हणून त्याबद्दल तिला बोल लावणे अन्यायाचे होईल. परंतु त्याचा परिणामही नाकारता येत नाही. पिण्याची किंमत दुसराच कोणी मोकळी करत राहिला, तर पिणाऱ्याला आपल्या पिण्याचा हिशेब कधीच पाहावा लागत नाही. दरम्यान हिशेब भरणारीची झोप उडते, रक्तदाब वाढतो, मैत्रिणी दुरावतात आणि मुलांशी बोलायला तिच्याजवळ त्राण उरत नाही. एका रुग्णाचे घर पाहता पाहता चार रुग्णांचे होते.

ही गोष्ट सर्वप्रथम ज्यांनी ओळखली त्यांत लॉइस विल्सन या अमेरिकन बाईंची गणना करावी लागेल. ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या चळवळीचे सहसंस्थापक बिल विल्सन हे त्यांचे पती. १९३४ च्या अखेरीस पतीची दारू सुटली. ज्या दिवसाची वर्षानुवर्षे वाट पाहिली तो दिवस उजाडला. आणि तरीही एके दिवशी, बैठकीला चलायची घाई करणाऱ्या पतीच्या दिशेने लॉइस यांनी रागाने पायातला जोडा भिरकावला. त्याची दारू सुटली होती, पण तिच्या मनात साचलेले काही सुटले नव्हते. पुढे १९५१ मध्ये त्यांनी व्यसनी माणसांच्या आप्तांसाठी ‘अल-अनॉन’ ही स्वतंत्र संघटना उभी केली. आपण हे व्यसन निर्माण केले नाही आणि दुसऱ्याचे पिणे आपल्या ताब्यात नाही, हे मान्य करण्यापासून तिथे प्रारंभ होतो. सिंधूच्या परंपरेत वाढलेल्या स्त्रीला ही मान्यता म्हणजे पतीचा त्याग वाटतो. वस्तुतः ती अपराधभावनेतून सुटका असते.

स्वतःकडे पाहणे म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणे, असा आक्षेप यावर हमखास घेतला जातो. त्याचे उत्तर अनुभवाच्या कसोटीवर मिळालेले आहे. उपचारांना साफ नकार देणाऱ्या मद्यपींच्या १३० आप्तांवर अमेरिकेत एक अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. माणूस शुद्धीवर असताना त्याच्याशी कसे बोलावे, तो पिऊन आल्यावर वाद कसा टाळावा, त्याच्या चुकांवर पांघरूण घालणे कसे थांबवावे, आणि त्याबरोबरच स्वतःच्या आयुष्यात आनंदाच्या जागा पुन्हा कशा निर्माण कराव्यात, याचे शिक्षण एका गटातील आप्तांना देण्यात आले. त्यांच्या घरातील ६४ टक्के मद्यपी उपचारांना तयार झाले. सर्व कुटुंबीयांनी मिळून तोंडावर जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के, तर अल-अनॉनच्या धर्तीवरील मार्गदर्शनात १३ टक्के होते. मात्र याहून महत्त्वाची बाब अशी की, तिन्ही गटांतील आप्तांची स्वतःची मनःस्थिती जवळजवळ सारखीच सुधारली. म्हणजे मद्यपी उपचारांना येवो अथवा न येवो, त्याच्या माणसांना सावरता येते. आणि ती सावरली, तर तो येण्याची शक्यताही मावळत नाही.

अर्थात स्वतःची काळजी घेण्याचा उपदेश सोपा आणि आचरण अवघड. ज्या बाईच्या हातात पगार पडत नाही, तिला सहलीचा किंवा छंदाचा सल्ला देणे ही क्रूर थट्टा ठरेल. तिच्या बाबतीत या शब्दांचा अर्थ अधिक रोकडा आहे. बँकेत तिचे स्वतःच्या नावाचे खाते असावे. तो परत येईपर्यंत उपाशी न राहता तिने मुलांबरोबर वेळेवर जेवावे. विश्वासातल्या एका तरी माणसाला खरी परिस्थिती सांगावी. आपले दुखणे अंगावर काढू नये. दारूसाठी पैसे आणि पिण्यासाठी सबब आपल्याकडून मिळणार नाही, हे त्याला शुद्धीवर असताना एकदा शांतपणे सांगावे आणि मग पाळावे. आणि हात उगारला गेला, तर समजूत घालत न बसता प्रथम मुलांसह सुरक्षित जागा गाठावी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश मागण्याचा अधिकार दिला आहे. आर्थिक कोंडी हाही त्या कायद्यात छळच मानला आहे. राहायचे की निघायचे, हा निर्णय तिचा. तो सासरच्यांनी घेऊ नये, तसा सुधारकांनीही घेऊ नये.

मदत न मिळाल्यामुळे अशी घरे कोणत्या वाटेला जातात, हे भिंतींवरच्या जाहिराती सांगतात. रुग्णाच्या नकळत दारू सोडवण्याची हमी देणाऱ्या पुड्या भाजीत कालवल्या जातात. डायसल्फिरामसारखे औषध पोटात असताना दारू घेतली, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाच्या संमतीनेच द्यायचे असते. दुसरी वाट म्हणजे त्याला खोलीत कोंडणे. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली, तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि क्वचित मृत्यूही ओढवतो. दोन्ही वाटा प्रेमाच्या पोटी आणि अज्ञानाच्या भरात धरल्या जातात.

ज्ञान आणि आधार देण्याची सोय महाराष्ट्राला अनोळखी नाही. पुण्यात गर्दच्या व्यसनाने तरुणांना ग्रासले, तेव्हा डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथे रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट चालतो. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने तर व्यसनी माणसांच्या आप्तांना आधार देण्याची एक पद्धत साध्या, प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांकरवी राबवून पाहिली. मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला मिळत नाही, ही सबब त्यामुळे पुरी पडत नाही. केंद्र सरकारचा १४४४६ हा निःशुल्क मदतक्रमांकही आहे. पण एका संभाषणानंतर ती बाई पुन्हा त्याच घरात एकटी असते. तिला दर आठवड्याला जाऊन बसता येईल अशी, एसटीने तासाभरात गाठता येणारी जागा हवी. प्राथमिक आरोग्य केंद्रातील एक खोली आणि एक प्रशिक्षित समुपदेशक इतकीच तिची किंमत आहे.

मद्याच्या वाढीव उत्पन्नातून ही किंमत शासनाने मोजावी, ही मागणी दयेची नाही. तिजोरीत जमा होणाऱ्या पैशाचा काही भाग त्याच घरांच्या किराण्यातून आलेला आहे. शाळेत डबा न आणणारा मुलगा, सारखी रजा मागणारी लिपिक, परीक्षेला न बसलेली विद्यार्थिनी यांच्याकडे पाहून शिक्षकांनी आणि सहकाऱ्यांनीही एवढे ओळखावे की, चौकशीचा एक शब्द तिथे उपदेशाहून अधिक उपयोगी पडतो. नवरा सुधारला का, हे त्या बाईला सगळेच विचारतात. ती जेवली का, रात्री झोपली का, हेही कोणी तरी तिला विचारले पाहिजे.