पिल्लू आणता ना? मग मादी आणा

दरवर्षी आंबिया बहाराची संत्री तोडायला आली की आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडच्या बगीच्यांत दोन गोष्टी हमखास दिसतात. झाडांखाली संत्र्यांचे ढीग, आणि राखणदाराच्या झोपडीमागे पाच-सहा पिल्लं. भादव्यात कुत्र्या माजावर येतात, दोन महिन्यांनी वितात. दिवाळीनंतर गावभर पिल्लंच पिल्लं.

आणि आपले पोट्टे काय करतात? मोबाइल काढतात. नागपूरच्या एखाद्या संस्थेचा फॉर्म भरतात, नाहीतर हजारो रुपये मोजून लॅब्रेडोर आणतात. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन, अन् त्या बिचाऱ्याच्या अंगावर तेवढी केसाळ कातडी! संस्था चांगलं काम करतात, वाद नाही. पण पिल्लू तर गल्लीच्या टोकाशी बसलं आहे.

आमच्या घरी सगळी कुत्री अशीच आली. कधी मामाच्या वावरातून, कधी शेजारच्या गोठ्यातून. आजी म्हणायची, "पिल्लू फुकट आणू नये बावा, आधी त्याच्या मायला भाकर घालावी." त्यात अक्कल होती. भाकरीच्या निमित्तानं चार-पाच चकरा व्हायच्या. तेवढ्यात माय चावरी आहे की शांत, कोणतं पिल्लू भितं, कोणतं धीट, सगळं समजायचं. उरलेलं राखणदार सांगायचा.

घाई मात्र नको. आठ आठवडे तरी पिल्लू मायजवळ राहू द्या. विकणाऱ्यांनाही 2017 च्या नियमांत तीच अट आहे. आणलं की लगेच डॉक्टरला दाखवा, पार्व्हो लहान पिल्लांना वाचू देत नाही. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, अन् पुढे दरवर्षी.

माझं खरं भांडण वेगळंच आहे. नर पिल्लं भराभर उचलली जातात. "कुत्री नको, घाण होते, पिल्लं देते," म्हणून माद्या मागे उरतात. मग एक दिवस कोणीतरी त्यांना पोत्यात भरतं आणि रोडच्या कडेला सोडून येतं. 1960 च्या कायद्यानं हा गुन्हा आहे, पण विचारतो कोण? अन् त्याच मार्गशीर्षात दत्तजयंतीला चार कुत्र्यांसकट दत्ताच्या फोटोला हार घालणारेही आपणच.

अहो, मादीचं ऑपरेशन होतं. सहा महिन्यांची झाली की डॉक्टरांना विचारा. पिल्लांचा प्रश्न मिटतो, दारासमोरची भादव्यातली भांडणंही मिटतात. इथे सोय झाली नाही तर नागपूर गाठा. लग्नाच्या खरेदीला दहा वेळा जातोच की. आणि राखणीचं म्हणाल, तर बगीच्याच्या कुंपणाशी अनोळखी माणसाला जी थांबवते, ती बहुतेक वेळा पिल्लांची मायच असते.

यंदा बगीच्यात गेलात, की राखणदाराला एवढंच विचारा: माद्या किती उरल्या?