समुद्राचा बाजार घाटावर

कोलाडला राफ्टिंग केलंय? मग मुळशीचं पाणी तुमच्या अंगावर उडून झालंय. मुळशी धरणातलं पाणी बोगद्यांतून आणि पाइपांतून सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात जातं, तिथून कुंडलिकेत येतं आणि रेवदंड्याला अरबी समुद्राला मिळतं. ताम्हिणी घाटाचा रस्ताही त्याच दिशेचा. शनिवारी पहाटे पौड ओलांडलं की दुपारी जेवायला तुम्ही दिवेआगर नाहीतर श्रीवर्धनला असता. त्यामुळे ‘आम्ही घाटावरची माणसं, समुद्राशी आमचा काय संबंध?’ असं मुळशीकरांनी किंवा पुणेकरांनी म्हणण्यात फारसा दम नाही. समुद्री जिवांच्या चोरट्या व्यापाराबाबत तर मुळीच नाही. हा माल निघतो समुद्रातून, पण त्याचं गिऱ्हाईक बऱ्याचदा घाटावर राहतं.

सगळ्यात घरगुती उदाहरण इंद्रजालाचं घेऊ. काळ्या, बारीक फांद्यांची जाळी, काचेच्या फ्रेममध्ये बसवलेली. कुणाच्या तरी दारावर, दुकानाच्या गल्ल्यामागे तुम्ही ती पाहिली असेल. नाहीतर रीलमध्ये तरी नक्कीच. दृष्ट लागत नाही, करणी बाधत नाही, पैसा टिकतो, वास्तुदोष जातो, असे तिचे गुण सांगितले जातात. हिंजवडी, बावधन, पिरंगुटच्या बाजूला मुळशी तालुक्यात नव्या इमारतींची रांग लागली आहे. नवं घर म्हटलं की वास्तुशांत आली, आणि वास्तुशांतीच्या मागोमाग ‘उपाय’ सुचवणारेही येतात.

विकणारा इंद्रजालाला ‘समुद्री वनस्पती’ म्हणतो. खरं तर ती वनस्पती नाहीच. ते सी फॅन किंवा काळं प्रवाळ असतं, म्हणजे शेकडो-हजारो चिमुकल्या प्राण्यांनी मिळून उभारलेली वसाहत. ती फार सावकाश वाढते. हवाई बेटांजवळच्या खोल पाण्यातली काळ्या प्रवाळाची एक वसाहत चार हजार वर्षांहून जुनी असल्याचं शास्त्रज्ञांनी शोधलं आहे. अशा वसाहतींच्या आधारानं मासे आणि इतर जीव राहतात. ट्रॉलरचं जाळं तळावरून ओढलं की ती मुळासकट उपटली जाते. २००१ पासून सी फॅन आणि काळं प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत. म्हणजे दारावर इंद्रजाल टांगणं आणि दिवाणखान्यात वाघाचं कातडं पसरणं, कायद्याच्या लेखी दोन्ही एकाच रांगेत बसतात. वाघाचं कातडं दिसलं तर आपण दचकतो. इंद्रजालाला मात्र उदबत्ती ओवाळतो.

माझं म्हणणं असं, की हा व्यापार थांबवायचा असेल तर किनाऱ्यावरच्या गस्तीइतकंच लक्ष घाटावरच्या गिऱ्हाइकावर द्यायला हवं. आणि ते गिऱ्हाईक बदलण्याची ताकद पोलिसांपेक्षा तुमच्यात जास्त आहे. पोलीस तुमच्या मावशीच्या फॅमिली ग्रुपवर नसतात. तुम्ही असता.

दुसरं उदाहरण ग्रुपवरचंच. ‘व्हेलची उलटी, किलोला कोटी!’ हा मेसेज किंवा बातमी तुमच्यापर्यंत पोहोचली नसेल तर नवलच. अंबरग्रीस स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं. स्क्विडच्या न पचलेल्या टणक चोचींभोवती ते साचत जातं, तेही थोड्याच व्हेलमध्ये. अत्तराचा सुगंध टिकवण्यासाठी ते वापरत. आता त्यासाठी क्लॅरी सेज या वनस्पतीपासून बनणारा पर्याय अत्तर उद्योगात केव्हाचाच रुळला आहे. तरीही गेल्या काही वर्षांत मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि कोकणात अंबरग्रीस पकडल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा आल्या. त्या नीट वाचा. पकडलेल्यांत विशी-तिशीतली पोरं बरीच दिसतात. एकाकडे माल, दुसऱ्याकडे गाडी, तिसऱ्याकडे ‘पार्टी’चा नंबर. बऱ्याचदा ती पार्टी म्हणजे साध्या वेशातले पोलीस निघतात. कोटी कुणाच्याच हातात पडत नाहीत. पडतो तो गुन्हा, आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत त्याची शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद व किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी आहे.

इथे वर्तमानपत्रांनाही दोन शब्द सुनवायला हवेत. ज्या वस्तूचा देशात कायदेशीर बाजारच नाही, तिचा ‘बाजारभाव’ आला कुठून? चोरांच्या तोंडचा आकडा आपण मथळ्यात छापतो आणि चोरांची जाहिरात फुकटात होते. पगार पुरत नाही, ईएमआय तटला आहे, अशा पोराला त्या बातमीत कैद दिसत नाही, कोटी दिसतात. बातमी जरूर छापावी, पण भाव गाळून आणि शिक्षा ठळक करून.

यावर एक रास्त प्रश्न येतो. अंबरग्रीस किनाऱ्याला वाहत येतं, त्यासाठी व्हेल मारावा लागत नाही, मग गुन्हा कसला? इंग्लंडमध्ये तर किनाऱ्यावर सापडलेलं विकताही येतं. मुद्दा बिनतोड वाटतो, पण हातातल्या ढेकळाकडे बघून ते वाहत आलं की व्हेलचं पोट फाडून काढलं, हे कसं ओळखणार? एकदा का त्याला उघड भाव मिळाला की वाहून येण्याची वाट कोण बघत बसेल? म्हणून आपल्या कायद्यानं सरसकट बंदी घातली आहे. अशी वस्तू सापडली तर ती सरकारची, आणि ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवायची.

दुसरा प्रश्न कोळ्यांचा. जाळ्यात आपोआप आलं तर त्यानं काय करायचं? हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, कारण घाटावर बसून किनाऱ्यावरच्या माणसाला निसर्गप्रेम शिकवणं फार सोपं असतं. त्याचं जाळं हजारोंचं असतं. २०१८ पासून महाराष्ट्रात एक चांगली योजना आहे. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडलं, तर नुकसानभरपाई म्हणून पंचवीस हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. नुसता धाक घालून जे साधत नाही, ते नुकसान वाटून घेतल्यानं साधू शकतं.

वेळासला हेच घडलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पूर्वी ती अंडी चोरीला जात, खाल्ली जात, विकली जात. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे येऊ लागले, घराघरांत त्यांची राहण्या-जेवण्याची सोय होऊ लागली. अंडी विकून एकदाच पैसे मिळत. पिल्लं समुद्रात जाताना दाखवली की दर वर्षी मिळतात. तुमच्यापैकी कितीतरी जण त्या गर्दीत उभे राहून आले असतील. घाटावरचं गिऱ्हाईक बदललं की किनाऱ्यावर काय होतं, ते तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

मग आता करायचं काय? वीकेंडला किनाऱ्यावर गेलात तर प्रवाळाचा तुकडा, वाळवलेला समुद्रघोडा, मोठाले शोभेचे शंख विकत घेऊ नका. सगळेच शंख बंदीतले नसतात, पण काही असतात आणि ते स्टॉलवर उभं राहून ओळखणं आपल्याला जमत नाही. ‘इंद्रजाल मिळेल’ अशी जाहिरात ऑनलाइन दिसली तर ‘बघा कसले लोक आहेत’ म्हणून स्टोरीला लावू नका. त्यानं विकणाऱ्याचीच पोच वाढते. स्क्रीनशॉट काढा, पोस्ट रिपोर्ट करा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. स्वतः गिऱ्हाईक बनून स्टिंग करायला जाऊ नका. ते काम ज्यांचं आहे त्यांना करू द्या. घरातच इंद्रजाल असेल तर ते नुसतं बाळगणंही गुन्हा आहे, हे आधी घरच्यांना सांगा. ते दुसऱ्याला भेट देऊ नका की विकू नका. जाणत्या वकिलाला विचारून वन विभागाशी बोला.

यातलं सगळ्यात अवघड काम घरातलंच. आजीच्या श्रद्धेला हसलात तर ती फ्रेम आणखी घट्ट बसेल. तिला एवढंच सांगा, की आजी, ही वनस्पती नाही, हे मेलेले जीव आहेत. मेलेलं काही दारावर टांगायला तिलाही आवडणार नाही.