प्रकृती, मात्रा आणि कष्ट

मराठी माणूस दुसऱ्याच्या क्षेमकुशलाची चौकशी करताना ‘प्रकृती कशी आहे?’ असे विचारतो, आणि बोलण्यात किंचित मोकळेपणा आला की ‘तब्येत कशी आहे?’ असे. पहिला शब्द संस्कृत, दुसरा अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला. पण दोहोंचा मूळ अर्थ एकच. तो म्हणजे स्वभाव, निसर्गतः लाभलेली घडण. हिंदी, उर्दू आणि गुजराती या भाषांतही तबीयत याच अर्थाने नांदते आहे. आयुर्वेद आणि युनानी या दोन वैद्यकपरंपरांची ही भेट भारतीय भाषांच्या अभ्यासकाने सहज सोडून द्यावी अशी नाही. निरोगी असणे म्हणजे आपापल्या घडणीत स्थिर असणे, ही कल्पना या शब्दांनी गृहीत धरली आहे. ‘स्वस्थ’ या शब्दाची फोडही तेच सांगते. आहार, व्यायाम आणि जीवनातील समतोल यांविषयी मराठीत आज जे विपुल लेखन होत आहे त्यात हे शब्द जागोजाग आढळतात. त्यांच्यामागची कल्पना मात्र त्यातून हरवत चालली आहे.

दररोज दहा हजार पावले चालावे, या आज घरोघरी प्रमाण मानल्या जाणाऱ्या नियमाचेच उदाहरण घ्यावे. त्याचा उगम कोणत्याही वैद्यकीय सिद्धान्तात नाही. जपानमध्ये १९६५ साली पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले, आणि त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा होता. विक्रेत्याने योजलेले नाव पुढे आरोग्याचा दंडक होऊन बसले. नंतरच्या संशोधनात वयस्क स्त्रियांना याहून पुष्कळ कमी पावलांतही चांगला लाभ होतो असे दिसून आले. पण आकड्याचे राज्य त्यामुळे ढळले नाही. चालणारा कोण, किती वर्षांचा, सकाळपासून त्याने काय केले आणि काय खाल्ले, हे विचारण्याची गरज आकड्याला भासत नाही.

जुन्या वैद्यकाला मात्र नेमके हेच विचारावेसे वाटले होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायाचा आरंभच मात्रेच्या विचाराने होतो, आणि आहाराची मात्रा खाणाऱ्याच्या अग्निबलावर ठरते असे तेथे प्रतिपादन आहे. व्यायामाविषयी सुश्रुत आणि वाग्भट हे दोघेही अर्ध्या शक्तीची मर्यादा घालतात. श्वास तोंडावाटे होऊ लागला की थांबावे, अशी तिची खूण सुश्रुताने दिली आहे. ही खूण ज्याच्या त्याच्या देहावरच उमटते, यंत्रावर नव्हे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या आहार, विहार आणि निद्रेसाठी ‘युक्त’ हे विशेषण येते, आणि ज्ञानदेव त्याचा विस्तार करताना खाणे, चालणे, बोलणे, झोपणे, जागणे या साऱ्यांना एकाच मापाच्या धाग्यात ओवतात. मोक्षमार्गाचे विवेचन करणारा ग्रंथ झोपेच्या वेळेची चिंता करतो, ही गोष्ट आजच्या वाचकालाही सुखावणारी आहे.

तथापि परंपरेचे गोडवे गाऊन येथेच थांबणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात अर्ध्या शक्तीच्या व्यायामाचा जो नियम आहे, तो बलवान आणि स्निग्धभोजी माणसांसाठी आहे. म्हणजे ज्यांच्या पानात तूप आहे त्यांच्यासाठी. थंडीचे दिवस आणि वसंत सोडून इतर ऋतूंत तोही कमी करावा, असे वाग्भट सांगतो. मराठी वाचकांपर्यंत वाग्भट पोहोचला तो मुख्यतः गणेश कृष्ण गर्दे यांच्या ‘सार्थ वाग्भट’मधून, आणि त्यातली अभ्यंग, व्यायाम, स्नान अशी दिनचर्या अनेक घरांत आदर्श म्हणून वाचली गेली. परंतु ज्या माणसासाठी ती लिहिली आहे त्याचा दिवस त्याच्या स्वतःच्या मालकीचा आहे. त्याला तेल लावून घ्यायला वेळ आहे, ऋतू बदलला की पान बदलण्याची ऐपत आहे. शास्त्राने ही अट लपवलेली नाही. ती उघड सांगितली आहे. पुढच्या काळात नियम तेवढा उचलला गेला आणि अट मात्र गळाली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्यायामाला आणखी एक अर्थ चिकटला. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले, औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रसार करीत राहिले, आणि आखाडे व व्यायामशाळा यांतून देहबल हे राष्ट्रबलाचे दुसरे नाव झाले. पारतंत्र्यातील समाजाला त्याची गरज होती, हे मान्यच केले पाहिजे. पण त्या आवेशात अर्ध्या शक्तीचा संकोच मागे पडला आणि नमस्कारांची संख्या पुढे आली. आजच्या पावलांच्या गणतीला त्या जोर-बैठकांच्या गणतीत एक पूर्वज सापडतो, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या सगळ्यात एक शब्द सातत्याने बाहेर राहिला आहे, तो म्हणजे ‘कष्ट’. मराठीने व्यायाम आणि कष्ट यांची कधीच गल्लत केली नाही. पहाटे उठून पायलीभर जोंधळे दळणाऱ्या बाईने व्यायाम केला, असे कोणी म्हटले नाही. विजेची गिरणी आल्यावर जाते अडगळीत गेले, आणि मग जात्याचा व्यायाम किती उत्तम होता याची आठवण नेमकी त्यांना आली ज्यांनी ते कधी ओढले नव्हते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आहेत. लोकसाहित्य म्हणून त्यांचा अभ्यास होतो, आणि तो व्हावाच. पण दळणारीचा देह, तिची झोप आणि तिचे माहेर यांना एकत्र बांधणारी साधने म्हणून, म्हणजे आरोग्याचे वाङ्मय म्हणून, त्यांच्याकडे पाहण्याची रीत अद्याप रुजलेली नाही.

भाषेने जपलेल्या या भेदाला अलीकडे शास्त्राचाही काहीसा दुजोरा मिळाला आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी केलेल्या दीर्घकालीन पाहण्यांत असे दिसले की, फावल्या वेळात स्वेच्छेने केलेली शारीरिक हालचाल हृदयाचे रक्षण करते. पोटासाठी दिवसभर केलेले अंगमेहनतीचे काम मात्र ते रक्षण देत नाही, काही ठिकाणी तर धोका वाढवते. या निष्कर्षांवर मतभेद आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी असलेले कारण कोणत्याही मजुराला सांगावे लागणार नाही: थांबायचे केव्हा, हे काम करणाऱ्याच्या हाती नसते. श्वास तोंडावाटे होऊ लागला की थांबावे, हा सुश्रुताचा नियम खडी फोडणाऱ्याला पाळता येत नाही. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे अशा कामांवर होती, आणि त्यांच्या आहाराची मात्रा सुकडीने आणि बाहेरून आलेल्या मिलोने ठरवली होती.

त्यानंतरच्या दशकभरात दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि शरणकुमार लिंबाळ्यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) ही आत्मकथने आली. समीक्षेने त्यांना विद्रोहाचे साहित्य म्हणून वाचले. त्या वाचनात चूक नाही, अपुरेपणा आहे. ‘अक्करमाशी’मध्ये शेणातून निघालेले जोंधळ्याचे दाणे धुऊन, दळून भाकरी करणारी संतामाय आहे. तिची भाकरी सामाजिक अन्यायाचे प्रतीक म्हणून असंख्य वेळा उल्लेखिली गेली. पण प्रतीक होण्यापूर्वी ती जेवण होती, एका देहाने पचवलेले. अन्नाच्या मात्रेविषयी चरकाने जो प्रश्न विचारला, त्याचे हे दुसऱ्या टोकाचे उत्तर आहे. दोन्ही ग्रंथ एकाच विषयावरचे आहेत हे मान्य करायला अभ्यासक्रमांची रचना आड येते: एक संस्कृत विभागात, दुसरा मराठीच्या दलित साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत.

समतोल ही केवळ व्यक्तीच्या संयमाची बाब नाही, याचा सर्वांत बोलका पुरावा पुण्याजवळच्या खेड्यांतून आला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून सहा गावांतील मातांचा व त्यांच्या अपत्यांचा अभ्यास केला. नवजात बालके वजनाने कमी, हातापायांनी बारीक. पण युरोपीय बालकांशी तुलना करता त्यांच्या देहात चरबीचे प्रमाण टिकून होते. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी इंग्रज सहकारी युडकिन यांच्यासमवेत स्वतःचेच छायाचित्र छापले: दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक २२.३, पण चरबी एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची २१.२. तो जास्तीचा आकडा भारतीय शास्त्रज्ञाचा होता. बाहेरचे माप सारखे असले तरी घडण वेगळी असते, हेच ‘प्रकृती’ हा शब्द सांगत आला आहे. फक्त या घडणीत आईच्या पोटातील टंचाईही सामावते, एवढी नवी भर या संशोधनाने घातली.

यावरून व्यक्तिगत पथ्य व्यर्थ आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्के मधुमेही आहेत, आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. इतक्या लोकांना कमी गोड खा, चाला, वेळेवर झोपा असे सांगितलेच पाहिजे. आक्षेप सांगण्याला नाही. ज्याला सांगायचे त्याच्याकडे दिवसाची किती मालकी आहे, हे न विचारता सांगण्याला आहे. आणि रोग जडला की त्यालाच आळशी आणि असंयमी ठरवणाऱ्या सुरालाही आहे. हा सूर मराठी आरोग्यलेखनात, विशेषतः स्त्रियांना उद्देशून केलेल्या लेखनात, फार दाट झाला आहे. घरातील सर्वांत शेवटी जेवणारीला ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असे बजावण्यात किती क्रौर्य आहे, याची जाणीव त्या लेखकांना नसते.

शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाचे मोल येथे जाणवते. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यपरंपरेची ही नोंद आहे. जेवणापूर्वीच्या श्लोकात अन्नाला जे विशेषण लागते त्याच्या आधी एक ‘अ’ लावून लेखकाने शीर्षक केले. त्यात उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या आहेत, रानातल्या भाज्या आहेत, टंचाईतून सुचलेल्या युक्त्या आहेत. तेल, तूप, दूध यांचा त्या पाककृतींत मागमूस नाही. वाग्भटाने व्यायामाचा अधिकार ज्याला दिला तो स्निग्धभोजी माणूस या पुस्तकात कोठेही भेटत नाही. भेटतात ती अर्धी शक्ती राखून ठेवण्याची मुभा नसलेली माणसे, आणि तरीही भाकरीबरोबर कालवण काय करावे याचा बारीक, चवीचा विचार करणाऱ्या बायका. ‘सार्थ वाग्भट’ आणि हे पुस्तक शेजारी ठेवून शिकवणारा एखादा अभ्यासक्रम भारतीय भाषांच्या विभागात कोणी आखला, तर त्याला ‘आरोग्यविषयक वाङ्मय’ हे नाव निःसंकोचपणे देता येईल.