प्रिन्स नसीम : हात सोन्याचे, डोक्यात हवा

परवा पिशोरला गेलो होतो. असरनंतर चौकात पाच-सहा पोरं एका मोबाइलभोवती गोळा झालेली दिसली. स्क्रीनवर बिबट्याच्या ठिपक्यांची चड्डी घातलेला एक बुटका बॉक्सर दोन्ही हात खाली सोडून समोरच्याला चिडवत होता. मग कुठून तरी ठोसा आला आणि समोरचा आडवा.

"चाचा, ये कौन है? अपनावाला है बोलते."

नसीम हमीद. नव्वदच्या दशकात आम्हीही त्याला असंच 'अपनावाला' म्हणायचो. तो दोरावरून कोलांटी मारून रिंगणात उतरायचा आणि जिंकल्यावर अल्लाहचं नाव घ्यायचा. आम्हाला तेवढं पुरेसं होतं. त्याचं पुढे काय झालं, हे त्या पोरांना माहीत नव्हतं.

नसीम इंग्लंडमधल्या शेफील्डचा. आईवडील यमनमधून आलेले, कोपऱ्यावर किराणा दुकान चालवणारे. वयाच्या ७व्या वर्षी तो ब्रेंडन इंगल यांच्या तालमीत जाऊ लागला. इंगल आयर्लंडचे, कॅथलिक. तालमीच्या फरशीवर रंगाच्या रेघा ओढलेल्या असत आणि पोरांना त्यांवरून तासन्‌तास पाय टाकायला लावत. नसीमचं ते हवेत तरंगल्यासारखं लढणं या रेघांवर घडलं. एका गोऱ्या ख्रिश्चन उस्तादानं एका मुसलमान पोराला घडवलं, ही गोष्ट आम्ही त्याच्या विजयाचा गाजावाजा करताना क्वचितच सांगितली.

१९९५ साली कार्डिफमध्ये स्टीव्ह रॉबिन्सनला त्याच्याच गावात हरवून नसीम फेदरवेट गटाचा, म्हणजे ५७ किलोंच्या आसपासचा, जगज्जेता झाला. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. पुढची ५ वर्षं तो किताब त्याच्याकडे राहिला. टॉम जॉन्सन, केविन केली, वेन मॅककुलो, सेझार सोटो हे सगळे त्याच्यासमोर हरले. १९९७ साली न्यूयॉर्कला केलीनं त्याला तीनदा खाली पाडलं, तरी चौथ्या फेरीत नसीमनंच केलीला संपवलं. एकूण ३७ लढती, ३६ विजय, त्यांतले ३१ नॉकआउट. आज मात्र बरेच जण त्याला 'तमाशा करणारा' एवढ्यावरच निकालात काढतात. हा अन्याय आहे. पण त्यात त्याचा स्वतःचा वाटा मोठा आहे.

१९९८ साली इंगल यांच्याशी त्याचं फाटलं. पैसा, मोठेपणा, कुणामुळे कोण, असे सगळे हिशेब निघाले. नंतर नामांकित प्रशिक्षक मिळाले. पण 'बस कर' म्हणण्याचा हक्क लहानपणापासून कमावलेला माणूस गेला. २००० साली तो उडत्या गालिच्यावर बसून रिंगणात आला. टाळ्यांचा पाऊस पडला. सरावापेक्षा एन्ट्री मोठी होत चालली होती.

७ एप्रिल २००१ रोजी लास वेगासला मेक्सिकोच्या मार्को अँटोनियो बरेरानं त्याला पूर्ण १२ फेऱ्या शिस्तीत ठोकलं. नसीमच्या डाव्या हाताच्या टप्प्याबाहेर राहायचं आणि साधे, नेमके ठोसे मारायचे, एवढंच बरेरानं केलं. हार कुणालाही होते. खुद्द बरेरा १९९६ आणि १९९७ मध्ये ज्युनिअर जोन्सकडून लागोपाठ दोनदा हरला होता. तो पुन्हा तालमीत गेला, उभा राहिला. नसीम मात्र बरेराशी पुन्हा लढलाच नाही. २००२ मध्ये एक रटाळ लढत जिंकली आणि २८व्या वर्षी हातमोजे काढून ठेवले. २००६ मध्ये बेदरकार गाडी चालवून एका माणसाला गंभीर जखमी केल्याबद्दल तुरुंगवास झाला, पुढे सरकारी सन्मानही काढून घेतला गेला. २०१५ मध्ये 'हॉल ऑफ फेम'मध्ये नाव लागलं, ते त्याच्या हातांच्या जोरावर. २०१८ साली इंगल गेले.

माझा मुद्दा नसीमपेक्षा आपल्याबद्दल आहे. आपल्या समाजात नाव काढणारी पोरं कमी, म्हणून एखादं पोर चमकलं की आपण त्याला डोक्यावर घेतो. त्याची अकड आपल्याला इज्जत वाटते. बाहेर मान खाली घालून वावरणाऱ्यांना कुणीतरी छाती काढून चाललेलं हवं असतं, हे मी समजू शकतो. पण लुकमान हकीमांनी बेट्याला केलेल्या नसीहतीत अकडून चालण्याला मनाई आहे, हे आपण दर जुम्म्याला ऐकतो आणि 'अपनावाला' आला की विसरतो. वस्तादानं कान पिळला तर आपण वस्तादालाच बोल लावतो.

पिशोरच्या त्या पोरांपैकी एक कन्नडला जिममध्ये जातो. हात खरंच जलद आहे त्याचा. त्यानं मला नसीमचा नाच करून दाखवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, "उस्ताद क्या बोलते तेरे?"

"वो तो रोज चिल्लाते," तो वैतागून म्हणाला.

म्हटलं, बेटा, ते चिल्लातायत तोवर जात राहा.