तासांचा रोजमेळ

गेल्या महिन्यात नाशिकहून एका वाचक भगिनीचे पत्र आले. वय ३४. घरूनच पुस्तकांची मांडणी व जाहिरातपत्रकांची सजावट यांची कामे घेतात. घरी सासूबाई, पती आणि दुसरीत शिकणारा मुलगा आहे. डोळे चुरचुरतात, रात्री अडीच-तीनच्या सुमारास जाग येते ती पुन्हा झोप लागत नाही, जेवणाच्या वेळा टळल्यामुळे पित्त उसळते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. डोळ्यांत घालायला थेंब आणि झोपेसाठी एखादा काढा सुचवावा, अशी त्यांची अपेक्षा होती. डोळ्यांचे दुखणे पत्रावरून ओळखण्याची विद्या माझ्याजवळ नाही. म्हणून आधी नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन यावे असे मी त्यांना कळवले, आणि सोबत एक प्रश्न विचारला. गेल्या आठवड्यात आपण एकूण किती तास काम केलेत?

उत्तर आले, "ताई, नक्की नाही सांगता येणार. दिवसभर बसलेलीच असते." आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखे एक वाक्य होते: "तीन जणांची बिले पाठवायची राहिली आहेत. किती रक्कम लावावी हेच ठरत नाही, म्हणून राहिली."

या सदरातून आपण घरातील कामाची जागा, बैठक, उजेड, मधल्या वेळचे खाणे यांविषयी बोलत आलो आहोत. आज बोलायचे आहे ते तासांविषयी आणि बिलांविषयी. आरोग्याच्या पाक्षिकात हा हिशेब कशाला, असे आपणांस वाटेल. परंतु अडीच वाजताची ती जाग बहुधा न पाठवलेल्या बिलांची असते, हे मी स्वतःच्या अनुभवाने जाणते.

सहा वर्षांपूर्वी एका संस्थेच्या माहितीपुस्तिकेचे भाषांतर मी एकरकमी मोबदल्यावर स्वीकारले. मूळ मसुदा त्यांनी चार वेळा बदलला. प्रत्येक वेळी मी "हो, करून देते" म्हणाले. अखेरीस जादा श्रमांचा मोबदला मागितला, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले, "जादा म्हणजे किती तास, मॅडम?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. 'पुष्कळ' हे काही उत्तर नव्हे. रक्कम सोडून दिली. पैशांचे दुःख दोन-तीन महिन्यांत ओसरले. पण अंथरुणावर पडल्यापडल्या त्या अधिकाऱ्यांना मनातल्या मनात उत्तरे देत राहण्याची सवय पुढे वर्षभर सुटली नाही.

आपल्या घरांत एक गंमत दिसते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब चोख असतो. अर्धा लिटर जादा घेतले तरी त्या चौकोनात टिंब पडते. कामवाल्या मावशींचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, सारे तेथे सापडते. त्याच घरात बसून दिवसाचे नऊ-दहा तास काम करणाऱ्या माणसाच्या वेळेची मात्र एका ओळीची नोंद नसते. कार्यालयात जाणाऱ्याला निदान हजेरीपट असतो, सुटण्याची वेळ असते, शेवटची लोकल असते. घरच्या कामाला दार नाही. भाजी फोडणीला टाकून मधेच एक दुरुस्ती, मुलाला झोपवून दुसरी, आणि 'पाचच मिनिटे' म्हणून उघडलेला संगणक साडेअकरापर्यंत चालू.

हे किती वाढू शकते? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर रक्तवाहिन्यांच्या अवरोधामुळे होणाऱ्या हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात आढळले. ५५ म्हणजे रोजचे जवळजवळ आठ तास, सातही दिवस. सुट्टी न घेणाऱ्या घरबसल्या व्यावसायिकाला हा आकडा दूरचा नाही. पण आपण त्याच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हे मोजल्याखेरीज कळणार कसे?

मोजण्याची साधने पुष्कळ आहेत आणि बहुतेकांना त्यांपैकी सर्वांत साधे पुरते. माझ्या मते पहिला महिना कागदाचाच असावा. शाळेची शंभर पानी वही घ्या. डाव्या बाजूला तारीख आणि ग्राहकाचे नाव, मग काम काय केले ते चार शब्दांत, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ. ही नोंद त्या क्षणी व्हावी. रात्री आठवून लिहिलेली नोंद ही नोंद नसते, कल्पना असते. मधे कुकरच्या शिट्टीला उठलात, दारावर कोणी आले, तर उठल्याची वेळ टाका. पुन्हा बसलात की नवी ओळ. पहिल्या दोन दिवसांत जीव नकोसा होईल, तिसऱ्या दिवसापासून हात आपोआप वळतो.

वही अपुरी वाटू लागली की संगणकावरचा तक्ता घ्यावा. गूगल शीट्स किंवा एक्सेल, कोणताही चालेल. सुरू आणि बंद अशा दोन रकान्यांतील वेळांची वजाबाकी तक्ता स्वतः करतो. मात्र तो वेळ दिवसाच्या अंशात साठवतो, म्हणून आलेल्या उत्तराला २४ ने गुणावे लागते, तेव्हा कुठे तास मिळतात. हे ठाऊक नसल्याने अनेकांची बिले हास्यास्पद रकमेची येतात. दुसरी चूक याहून सार्वत्रिक आहे. पावणेदोन तास म्हणजे १.७५, १.४५ नव्हे. एक तास पंचेचाळीस मिनिटांचे १.४५ लिहून दराने गुणणारा माणूस प्रत्येक ओळीत अठरा मिनिटे फुकट देतो. आणि काम मध्यरात्र ओलांडून गेले तर साध्या वजाबाकीचे उत्तर उणे येते. सूत्र बदलून ते दुरुस्त होते. पण त्यापूर्वी त्या उणे चिन्हाकडे थोडा वेळ पाहावे, अशी माझी सूचना आहे.

ज्यांची दिवसभरात चार-पाच ग्राहकांमध्ये ये-जा असते, त्यांनी टायमर असलेले ॲप वापरावे. एस्टोनियातील टॉगल आणि क्लॉकिफाय ही दोन्ही बऱ्याच काळापासून प्रचारात आहेत, आणि एकट्याने काम करणाऱ्याला त्यांची विनामूल्य आवृत्ती पुरेशी होते. ग्राहकाचे नाव निवडावे, कळ दाबावी, उठताना पुन्हा दाबावी. चेन्नईच्या झोहो कंपनीचे 'इन्व्हॉइस' हे साधनही विनामूल्य आहे. त्यात तासांची नोंद आणि बिल दोन्ही एकत्र होतात, म्हणजे इकडचा आकडा तिकडे उतरवताना होणारी चूक टळते. निवड करताना तीनच गोष्टी पाहाव्यात. मोबाइलवर आणि संगणकावर एकच नोंद दिसते का. महिन्याची सारी नोंद तक्त्याच्या रूपात बाहेर काढून आपल्याजवळ ठेवता येते का, कारण आज फुकट असलेले उद्या तसेच राहील याची हमी कोणी देत नाही. आणि विचार न करता वापरता येते का. आलेख, रंगीत चकत्या, उत्पादकतेचे गुण यांच्या मोहात पडू नये. साधन शिकायला दुपार लागत असेल तर ते आपल्यासाठी नाही.

टायमर बंद करायला विसरणे हा मात्र सर्वांचा रोग. एकदा माझ्या नोंदीनुसार मी एका प्रस्तावनेवर रात्री दहा ते सकाळी साडेसहा अखंड काम केले होते. प्रत्यक्षात घोरत होते, असे घरचे सांगतात. अशी नोंद लगेच दुरुस्त करावी, आणि शंका असेल तेथे कमी वेळ धरावा. ग्राहकाचा विश्वास हा आपल्या वहीचा खरा आधार आहे.

आता दराकडे वळू. नाशिकच्या त्या भगिनींनी महिनाभर नोंद ठेवली. त्यांना घरखर्चातील आपला वाटा आणि कामाचा खर्च मिळून महिना ६०,००० रुपये हवे होते. महिन्याचे १६० तास धरून त्यांनी पूर्वी तासाला ३७५ चा हिशेब मांडला होता, आणि वर थोडे म्हणून ४०० लावत. नोंदीत काय निघाले? बसण्याचे तास १६० नव्हे, २१४. त्यांतील ग्राहकाला लावता येतील असे अवघे ९०. उरलेले तास दूरध्वनी, दरपत्रके, नमुने, फाइली शोधणे, आणि 'जरा रंग बदलून बघा ना' यांत गेले होते. ६०,००० भागिले ९० म्हणजे ६६७ रुपये. म्हणजे वर्षानुवर्षे त्या गरजेहून दोन-पंचमांश कमी दराने काम करीत होत्या, आणि ती तूट रात्री जागून भरीत होत्या. डोळ्यांचे थेंब या गणितापुढे काय करणार?

बिलाविषयी थोडक्यात. बिलावर क्रमांक हवा, तारीख हवी, दोन्ही पक्षांची नावे व पत्ते, आपला पॅन, बँक खात्याचा तपशील, कामाचे वर्णन, तास, दर, एकूण रक्कम, आणि मोबदला कोणत्या तारखेपर्यंत अपेक्षित आहे ती तारीख. शेवटची तारीख लिहायला आपली माणसे लाजतात. लाजू नये. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल महाराष्ट्रात २० लाखांच्या आत असेल तर सामान्यतः जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. आणि नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावताही येत नाही. कंपन्या व्यावसायिक सेवेच्या शुल्कातून सामान्यतः १० टक्के कर आधीच कापून घेतात. तो आपल्या पॅनवर जमा झाला आहे ना, हे आयकर खात्याच्या संकेतस्थळावर पाहावे. हातात कमी रक्कम आली म्हणून रात्रभर तळमळणारे, आणि ती आपलीच असून विवरणपत्रात हिशेबात धरता येते हे न जाणणारे कितीतरी आहेत.

उद्यम नोंदणी घरून काम करणाऱ्या सेवा-व्यावसायिकालाही करता येते. सरकारी संकेतस्थळावर ती विनामूल्य होते, मधल्या दलालाची गरज नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्यानुसार अशा नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे करारात ठरलेल्या मुदतीत आणि फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. दाद मागायला जावे असे मी सुचवत नाही. ओळखीचा ग्राहक त्याने दुरावतो हेही खरे. परंतु बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि मुदतीची तारीख छापलेली असली की स्मरणपत्र लिहिताना आपला हात कापत नाही.

बिल कधी करावे? महिन्याचा एकच दिवस ठरवा, सकाळी, न्याहारीनंतर. रात्री बिले करू नयेत. दमलेले मन स्वतःची किंमत कमी करते, आणि दुसऱ्या दिवशी पाहिले की ती रक्कम बदलण्याचे धैर्य होत नाही.

एक पथ्य मात्र सांगायला हवे. काही परदेशी कामबाजारांचे टायमर दर थोड्या वेळाने पडद्याचे छायाचित्र घेतात. तेथे काम करणे भाग असेल तर करावे, पण तीच रीत स्वतःवर स्वखुशीने लादू नये. नोंद सुरू झाली की काहींना पाणी प्यायला उठणेही चोरी वाटू लागते. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मुलीशी बोललेली वीस मिनिटे 'वाया' या सदरात टाकली होती. असे होऊ लागले तर आठवडाभर टायमर बाजूला ठेवा आणि वहीवर या. नोंदीतला मला सर्वांत उपयोगी वाटणारा रकाना ग्राहकाचा नाहीच. तो आठवड्याच्या एकूण बेरजेचा. ती ४५ च्या पुढे सरकली की पुढच्या आठवड्यात नवे काम घ्यायचे नाही, एवढा एक नियम मी पाळते. वर्षातून दोन-चारदा मोडतेही.

त्या भगिनींचे दुसरे पत्र परवा आले. तिन्ही बिले ६५० च्या दराने गेली, तासांची नोंद सोबत जोडून. एका ग्राहकाने निमूट पैसे भरले. दुसऱ्याने दर जास्त वाटतो म्हणून पुढचे काम दुसरीकडे दिले. ते काम महिन्याला तेवीस तास खाणारे होते, असे त्यांनी वहीत पाहून लिहिले आहे. तिसऱ्याचे पैसे अजून यायचे आहेत, मुदत या महिन्याच्या २५ तारखेची आहे. नेत्रतज्ज्ञांनी चष्म्याचा नंबर बदलून दिला. झोपेबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही, आणि काढ्याविषयी पुन्हा विचारलेले नाही.