डिस्कलाही हवी तुकडेबंदी

‘सी ड्राइव्ह भरला’ ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. बारामतीतील करसल्लागाराचे कार्यालय असो, इंदापुरातील महा ई-सेवा केंद्र असो, की भिगवणला रोहित पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याचा लॅपटॉप असो. सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली असते आणि शेजारच्या डी ड्राइव्हमध्ये भरपूर जागा मोकळी पडलेली असते. मग कुणीतरी सांगतो, ‘डीची जागा सीला देऊन टाका, दोन मिनिटांचे काम आहे.’ कधी कधी ते खरोखर दोन मिनिटांत होते. पण त्या दोन मिनिटांत दहा वर्षांचे फोटो आणि हिशेब पणाला लागलेले असतात, हे सांगणारा क्वचितच भेटतो.

सी आणि डी म्हणजे दोन स्वतंत्र डिस्क, असा अनेकांचा समज असतो. साध्या लॅपटॉपमध्ये बहुधा डिस्क एकच असते. तिचे भाग पाडून त्यांना अक्षरे दिलेली असतात. या भागांना पार्टिशन म्हणतात. नीरा डाव्या कालव्याखालच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. रान एकच, मध्ये बांध घातलेला. कोणता तुकडा कुठून कुठपर्यंत, याची नोंद डिस्कवरच एका छोट्या तक्त्यात असते. तो तक्ता म्हणजे डिस्कचा मोजणी नकाशा.

ही वाटणी एके काळी गरजेची होती. १९८३ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पीसी एक्सटी या संगणकात अवघ्या १० एमबीची डिस्क होती. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखीव होती, म्हणून डिस्कच्या वाट्याला सी आले. पुढे डिस्क मोठ्या झाल्या, पण डॉस आणि सुरुवातीच्या विंडोज ९५ ला २ जीबीपेक्षा मोठा तुकडा हाताळता येत नसे. त्यामुळे मोठ्या डिस्कचे तुकडे पाडावेच लागत. ती अडचण केव्हाच संपली. तुकडे पाडण्याची सवय मात्र राहिली. आजही अनेक ठिकाणी नवा संगणक देताना सीला जेमतेम शंभर जीबी ठेवून उरलेल्या जागेचे दोन-तीन तुकडे करून दिले जातात. विंडोजची अपडेट, मोठमोठी सॉफ्टवेअर आणि डाउनलोड या सगळ्यांचा भार सीवरच पडतो. तो भरणार हे पहिल्या दिवशीच ठरलेले असते.

या पद्धतीच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो खोटा नाही. विंडोज बिघडून सी पुसावा लागला, तर डीमधला मजकूर वाचतो. पण डिस्कच निकामी झाली, लॅपटॉप चोरीला गेला किंवा खंडणीखोर व्हायरस शिरला, तर सी आणि डी एकत्रच जातात. एकाच रानात बांधाच्या दोन्ही बाजूंना ऊस लावला म्हणून आगीपासून तो वाचत नाही. डीमध्ये ठेवलेली प्रत हा बॅकअप नव्हे.

आता बांध सरकवण्याविषयी. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशन लहान-मोठे करण्याची सोय व्हिस्टापासून आहे. तिची अट शेतासारखीच आहे. आपल्या तुकड्याला लागून, उजव्या हाताला, रिकामी जागा असेल तरच तुकडा वाढतो. डी नुसता लहान केला तर मोकळी जागा त्याच्या शेवटी निघते, सीला लागून निघत नाही. त्यात अनेकदा सीच्या शेजारी रिकव्हरीचा छोटा, बिननावाचा तुकडा बसलेला असतो. बाहेरचे सॉफ्टवेअर वापरून डीची सुरुवात पुढे ढकलता येते. मात्र तेव्हा डीमधला सगळा मजकूर उचलून दुसरीकडे मांडावा लागतो. त्याला काही तास लागू शकतात. तेवढ्यात वीज गेली, तर अर्धा माल जुन्या जागी आणि अर्धा नव्या जागी राहतो. गावाकडे वीज केव्हा जाईल, याची हमी कोण देणार?

या गोंधळाचे खापर फक्त दुकानदारावर फोडणेही योग्य नाही. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी सुरक्षेचे एक अपडेट दिले. अनेक संगणकांवर ते बसेना, कारण रिकव्हरीचा तुकडा अपुरा पडत होता. तो २५० एमबीने वाढवण्यासाठी कंपनीने ज्या सूचना दिल्या, त्यात सामान्य वापरकर्त्याने काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून पार्टिशन पुसणे आणि पुन्हा बनवणे अपेक्षित होते. कारखान्याच्या कारकुनाने किंवा शाळेतल्या शिक्षकाने हे का करावे? तुकडा लहान ठेवला तो वापरकर्त्याने नव्हे.

शेतीचे तुकडे पडत गेले की ती परवडेनाशी होते, हे ओळखून आपल्याकडे १९४७ मध्ये तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला. डिस्कलाही हेच धोरण लागू करावे. घरच्या आणि छोट्या कार्यालयाच्या संगणकात एकच मोठा सी ड्राइव्ह असावा. वेगवेगळ्या कामांसाठी फोल्डर पुरेसे असतात. शाळा, पतसंस्था आणि ग्रामपंचायतींनी संगणक घेताना ही अट लेखी घालावी. तुकडे वाचवून जे पैसे आणि वेळ राहतो, तो वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर खर्च करावा.

ज्यांचा सी आधीच भरला आहे, त्यांनी प्रथम डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामे करावे, फोटो-व्हिडिओ डीमध्ये हलवावेत. बहुतेकांचे काम तेवढ्यात भागते. तरीही बांध हलवायचाच असेल, तर सगळ्या महत्त्वाच्या फाइलची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी, लॅपटॉप चार्जरला लावावा, डेस्कटॉपला यूपीएस असावा आणि बिननावाच्या छोट्या तुकड्यांना हात लावू नये. दुकानात काम देणार असाल, तर ‘किती पैसे?’ याआधी ‘बॅकअप कुठे घेणार?’ हे विचारा. उत्तर ‘डीमध्ये’ असे आले, तर संगणक उचलून घरी आणा.